विश्लेषण : ‘राष्ट्रीय आपत्ती’ जाहीर करण्याची तरतूद कायद्यात आहे का?

महापूर आला वा दरड कोसळली, की ‘राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा’ ही मागणी होतेच. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात भूस्खलनाने दोनशेहून अधिक बळी घेतले, तेव्हाही ती झाली. पण या घोषणेला कायद्याचा आधार आहे का?

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये आपत्तीची व्याख्या आहे. ‘राष्ट्रीय आपत्ती’ असा वेगळा प्रकार नाही. मदतनिधीच्या निकषांतही तशी तरतूद नसल्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळला कळवले. डिसेंबरमध्ये मात्र ही आपत्ती ‘गंभीर स्वरूपाची’ असल्याचे मान्य केले.

पैसा कुठून येतो?

मदतीची पहिली जबाबदारी राज्याची. त्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के आहे. तो अपुरा पडल्यास राज्याचे निवेदन, केंद्रीय पथकाची पाहणी आणि उच्चस्तरीय समितीची मंजुरी, असे टप्पे पार करून राष्ट्रीय निधीतून मदत मिळते. ही तातडीची मदत असते, नुकसानभरपाई नव्हे.

मग ‘गंभीर’ ठरल्याने काय मिळते?

देशभरातील खासदार आपल्या स्थानिक विकास निधीतून प्रत्येकी १ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवू शकतात. पुनर्बांधणीसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळला ५२९.५० कोटी रुपये मंजूर केले; मात्र ते अनुदान नव्हे, ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज आहे.

आपद्ग्रस्तांच्या कर्जाचे काय?

घर आणि जमीन वाहून गेली तरी त्यांवरचे कर्ज उरते. तीव्र आपत्तीत कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १३ ने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिला होता. वायनाडच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात असतानाच २०२५ च्या दुरुस्तीने हे कलम वगळले गेले.

महाराष्ट्रासाठी धडा काय?

वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. अशा वेळी नुसत्या घोषणेच्या मागणीने काही साधत नाही. मदतीचे निकष किती वास्तववादी आहेत, निर्णयाला कालमर्यादा आहे का आणि कर्जाच्या सवलतीचा निर्णय आता कोण घेणार, हे प्रश्न दरड कोसळण्याआधीच सुटायला हवेत.