छात्राध्यापक आणि सरकीची पिशवी

गेल्या हंगामात राजूर परिसरातील एका शाळेत अध्यापनाच्या सरावासाठी आलेल्या काही छात्राध्यापकांशी बोलण्याचा प्रस्तुत लेखकास योग आला. जैवतंत्रज्ञानाची व्याख्या त्यांना मुखोद्गत होती. परंतु शाळेच्या कुंपणापलीकडे उभी असलेली बीटी कपाशी बोंडअळीस कशी मारते, असे विचारताच बहुतेकांनी उत्तर दिले की, सरकीला विषारी औषध चोळलेले असते.

या उत्तरास हसण्याचे कारण नाही. पिशवीतील सरकी रंगीत दिसते व तो रंग बीजप्रक्रियेचाच असतो. मात्र ते औषध प्रामुख्याने रोपावस्थेतील रसशोषक किडींसाठी होय. बोंडअळीस मारणारे प्रथिन झाड स्वतःच तयार करते, कारण मातीतील एका जिवाणूचा जनुक त्यात घातलेला असतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते प्रथिन विरघळते आणि आतड्यास छिद्रे पाडते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. बीटी कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली; पहिली संकरित वाणे आपल्या जालन्याच्याच कंपनीची होती. पुढे अनेक वर्षे ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरावयाची, म्हणजे तेथे जगलेल्या साध्या पतंगांचा बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर होऊन पुढील पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, ही योजना. 'औषध चोळलेली सरकी' एवढेच ज्यास ठाऊक, त्यास बिनऔषधाची पुडी फुकटची अडगळ वाटणारच. पुष्कळांनी ती पेरलीच नाही. २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली, तरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. दोष केवळ पुडीचा नव्हे. डिसेंबरनंतर राखलेल्या फरदडीनेही अळीस वर्षभर घर दिले. आता बिगर-बीटी सरकी त्याच पिशवीत मिसळून येते, त्यामुळे टाकून देण्याची सोय उरली नाही. पण फरदड राखण्याची सोय आहेच.

अनेक घरांत पिशवीवरील मजकूर शाळकरी मूलच वाचून दाखविते. त्या मुलास शिकविणाऱ्याचा समज चुकीचा असेल, तर आपल्या दहा सभा व्यर्थ जातात. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, छात्राध्यापकांस हा विषय फळ्यावर न शिकविता कपाशीच्या तासात शिकवावा. त्या दिवशी एका छात्राध्यापिकेस 'जनुक' शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. पण डोमकळी तिने दुरूनच ओळखली, कारण घरी कपाशी होती. अशा व्यक्तीस उरलेले समजावून देण्यास अर्धा तास पुरतो.

आणखी एकाने विचारले, "ते प्रथिन माणसास बाधत नाही काय?" प्रश्न रास्त होता. आपले जठर आम्लधर्मी असते, आणि ते प्रथिन अळीच्या आतड्यात जेथे चिकटते तशी जागा आपल्या आतड्यात नसते, हे त्यास सांगितले.

ग्रामसेवक व कृषि सहायक बंधूंनी फुले लागण्याच्या सुमारास जवळच्या शाळेतील छात्राध्यापकांस दोन तासांसाठी शेतावर न्यावे. बोंड चिरण्यास चाकू व पाहण्यास भिंग मात्र आपलेच न्यावे. शाळेत ते मिळेलच असे नाही.