सिकलसेल : तपासणी झाली, पुढचे कोण शिकवणार?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे ऑनलाइन उद्घाटन झाले. त्यात गडचिरोलीही होते. चंद्रपूरचे महाविद्यालय २०१५ पासून सुरू आहे. म्हणजे जंगलपट्ट्यातल्या या दोन्ही जिल्ह्यांत आता डॉक्टर घडवण्याची सोय झाली. याचा आनंद आहेच. पण आम्हाला एक प्रश्न सतावतो. इथे रोग ओळखायला शिकवतील, औषध लिहायला शिकवतील. ते औषध भामरागड किंवा जिवती तालुक्यातल्या शेवटच्या घरी वर्षाचे बाराही महिने कसे पोचेल, याचे नियोजन करायला कोण शिकवणार?

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. विदर्भात सिकलसेल गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत आहे, तसाच तो बौद्ध समाजातही आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. तरीही आपल्या बैठकांत शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचार यांवर जेवढे बोलले जाते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही यावर बोलले जात नाही.

या आजारात काय उपयोगी पडते, याचे पुरावे जुने आहेत. अमेरिकेतील एका अभ्यासाने १९८६ मध्येच दाखवले की, सिकलसेलग्रस्त लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिले तर न्यूमोकोकसचा गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. १९९५ मध्ये हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा पुरावा आला. मोठ्या रुग्णांमध्ये दुखण्याचे तीव्र झटके तिने जवळपास निम्म्यावर आणले. जमैकासारख्या गरीब देशात तर डॉक्टरांनी आयांनाच बाळाची पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताने चाचपायला शिकवले. ती अचानक वाढली की बाळाला तडक दवाखान्यात न्यायचे, एवढेच. त्यातून पानथरीत रक्त साठून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. यातले काहीही महागडे नाही.

मग अडते कुठे? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची २०२५-२६ पर्यंत तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे. तपासणीचे आकडे दिमाखात जाहीर होतात. तपासणी मोजायला सोपी असते. रक्ताचा थेंब घेतला, सोल्युबिलिटी चाचणी झाली, कार्ड दिले, आकडा वर गेला. पण ज्याच्या कार्डावर ‘एसएस’ आले त्याचे पुढे काय? हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले की ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते. ती कोणत्या प्रयोगशाळेत होणार? भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद होतो, मग गोळ्यांचा साठा मृग लागण्याआधी पोचला का? मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात. या हंगामात रुग्ण गावात नसेल तर त्याच्यासोबत किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या? याची उत्तरे औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती तालुक्यात बसून, गावाचा हंगाम आणि रस्ता पाहून काढावी लागतात. जगभर याला आता स्वतंत्र शास्त्र मानतात : सिद्ध झालेली उपाययोजना प्रत्यक्षात कशी उतरवायची, याचे शास्त्र.

आणि हे शास्त्र गडचिरोलीला नवे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. बालकांच्या न्यूमोनियावर उपचार सर्वांना माहीत होता; प्रश्न होता गावात तो ओळखणार कोण. निरक्षर दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण तयार झाले. पुढे ३९ गावांत त्याच गावच्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले गेले. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देण्यापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर होती. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. औषधे जुनीच होती. नवे होते ते नियोजन : कोण करणार, काय शिकवायचे, देखरेख कुणाची, चूक झाली तर कळणार कसे.

त्याची पुढची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०११ मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर लागू झाली. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा-सात घरभेटी आणि त्याचा मोबदला २५० रुपये. आरोग्यदूताच्या हातातले इंजेक्शन मात्र आशाच्या हाती आले नाही. योजना मोठी होताना तिचा कोणता भाग टिकवायचा आणि कोणता सोडला तर परिणामच जातो, हे ठरवणे तज्ज्ञतेचे काम आहे. दिल्ली-मुंबईत हे ठरते तेव्हा गावच्या आशाला कुणी विचारत नाही. तिला फक्त रजिस्टर भरायला सांगतात.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, औषधनिर्माता आणि गटप्रवर्तक यांना एकत्र बसवून आपल्याच तालुक्याची योजना आखायला शिकवले पाहिजे. एका दिवसाची कार्यशाळा, पडद्यावर आकृत्या, दुपारी जेवण आणि हजेरीपटावर सही, याला आम्ही प्रशिक्षण मानत नाही. शिकणाऱ्याने आपल्या केंद्राचा आराखडा लिहावा, सहा महिने राबवावा, अडचणी घेऊन पुन्हा यावे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या दोन्ही महाविद्यालयांच्या जनऔषधशास्त्र विभागांनी हे काम अंगावर घ्यावे. रुग्णांचे आई-वडील त्या बैठकीत असावेत. रात्री दोन वाजता पोराचे हाडन् हाड दुखते तेव्हा काय करायचे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला स्पष्ट बोलायची आहे. राष्ट्रीय अभियानाचा रोख आदिवासी भागावर आहे, आणि तो असायलाच हवा. त्यात कपात मागणारे आम्ही नाही. पण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्या नियोजनाच्या नकाशावर आहेत का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. आजार जातीचा दाखला पाहून येत नाही.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. तरी वधू-वर परिचय मेळाव्यात प्रश्न विचारला जातो तो मुलीलाच. मुलाचा अहवाल कुणी मागत नाही. दोघांचीही तपासणी आणि त्यानंतर शांतपणे समुपदेशन, एवढा नियम मेळाव्याच्या आयोजकांनी केला तरी पुष्कळ झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि एसटीचा मोफत प्रवासही आहे, पण प्रमाणपत्रासाठी मदत करणारा कार्यकर्ता गावात हवा.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक जमतात, तेव्हा तपासणीचा मंडप जरूर टाकावा. मात्र त्याआधी युवकांनी माहितीच्या अधिकारात दोन्ही जिल्हा परिषदांना विचारावे : तालुकानिहाय नोंदलेले सिकलसेलग्रस्त किती, त्यांपैकी हायड्रॉक्सीयुरिया नियमित मिळणारे किती, पेनिसिलिन सुरू असलेली ५ वर्षांखालील मुले किती, आणि गेल्या वर्षी किती दिवस साठा शून्य होता. अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.