बागेतले रान आणि कायद्याची नजर

आपल्या देशात सार्वजनिक उद्यानांना कायद्याचा आधार नाही, असे म्हणता येणार नाही. बंगळूरच्या सदाशिवनगर भागात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरविले. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्काखाली भुयारी बाजारपेठ बांधली जात होती. १९९९ साली त्याच न्यायालयाने ती पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. हे दोन्ही निकाल आजही आधार म्हणून दिले जातात, आणि ते योग्यच आहे.

मात्र दोन्ही ठिकाणी प्रश्न मोकळ्या जागेवरील बांधकामाचा होता. उद्यानाच्या आत, एखाद्या कोपऱ्यात आपोआप वाढलेले जे रान असते, बोरी-करवंदीची झुडपे, गुडघाभर गवत, कुजणारा पालापाचोळा आणि त्यांत राहणारे मुंगूस, सरडे, तित्तिर, त्यांचे काय? त्यांच्यावर इमारतीचे संकट सहसा येत नाही. त्यांच्यावर येते ते सुशोभीकरण.

कायद्याच्या दृष्टीने हे रान जवळजवळ अदृश्य आहे. दिल्लीचा १९९४ सालचा वृक्षसंरक्षण कायदा पाहा. त्यातील व्याख्येनुसार वृक्ष म्हणजे जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर किमान ५ सेंटिमीटर व्यासाचे खोड असलेली आणि किमान १ मीटर उंचीची काष्ठमय वनस्पती. या मापात न बसणारे सारे काही, म्हणजे उद्याचे वृक्ष होऊ पाहणारी रोपेसुद्धा, कापायला कोणाचीही परवानगी लागत नाही. वृक्षगणना केली तर एकही झाड कमी झालेले दिसणार नाही, आणि तरीही रान संपलेले असेल.

याची जबाबदारी कोणा एका उद्यान अधिकाऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. (हे मत माझे व्यक्तिगत आहे, शासनाचे नव्हे, हे सांगणे ओघाने आलेच.) फरसबंदीचे अंदाजपत्रक होऊ शकते. हिरवळीच्या गाद्या, कुंड्या, कारंजी, खुल्या व्यायामशाळेची साधने या सर्वांना दरसूचीत दर आहेत. कनिष्ठ अभियंता त्यांची मोजमापे नोंदवू शकतो, कंत्राटदाराचे देयक निघते आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जोडता येते. ‘या अर्ध्या एकरात काहीही करू नये’ या कामाला मात्र दर नाही, निविदा नाही, मोजमाप नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी असे म्हणेन की, जे खर्चाच्या रकान्यात दिसत नाही त्याचे मूल्य आपल्या व्यवस्थेत शून्य धरले जाते. निसर्गाची सेवा फुकट मिळते, म्हणून ती नोंदली जात नाही. नोंदली जात नाही, म्हणून ती कधी गेली हेही कळत नाही.

दिल्लीच्या सीमेला लागून असलेले गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जवळपास ४०० एकरांची ही जागा म्हणजे जुन्या खाणींनी खरवडलेली, विलायती बाभळीने व्यापलेली टेकडी. जमीन महापालिकेची. २०१० पासून ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने पालिकेच्या सहकार्याने तेथे अरवलीतील मूळ वनस्पती परत आणल्या. धौ, सालई, कुमठा यांचे बी डोंगरांतून गोळा केले, रोपवाटिका उभारली, शाळकरी मुले आणि कंपन्यांचे कर्मचारी लागवडीसाठी आले. आज तेथे जंगल म्हणावे असे काही उभे आहे. २०२२ साली या उद्यानाला संरक्षित क्षेत्राबाहेरील प्रभावी संवर्धन क्षेत्र, म्हणजे ‘ओईसीएम’, हा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेले ते देशातील पहिले स्थळ.

सन्मान मोठा आहे, पण हा दर्जा म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे. ही संकल्पना २०१८ साली जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी मान्य केलेल्या व्याख्येवर उभी आहे. आपल्या कायद्यात तिच्या भंगासाठी शिक्षा नाही. उद्या या टेकडीवरून रस्ता नेण्याचा आराखडा आला, तर केवळ या दर्जाच्या बळावर तो अडवता येणार नाही.

कायद्यात एक दार मात्र उघडे आहे, ज्याचा उपयोग आपण फार कमी करतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राजपत्रात जाहीर करू शकते. ही तरतूद केवळ दूरच्या अरण्यांसाठी नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा परिसर २०१० साली, तर पुण्याचे गणेशखिंड उद्यान २०२० साली असे जाहीर झाले. दोन्ही भर शहरातील जागा. अधिसूचनेने सर्व काही साधते असेही नाही. तिच्यामागे व्यवस्थापन आराखडा नसेल, तर ती फलकापुरती उरते.

म्हणून कायदा आणि सहकार्य या दोहोंची सांगड हवी. महापालिका, रहिवाशांची नोंदणीकृत संस्था आणि जवळचे एखादे महाविद्यालय यांच्यात लेखी करार व्हावा. रानाची हद्द नकाशावर आखलेली असावी, कोणती कामे तेथे करायची नाहीत याची यादी असावी, आणि दरवर्षीची पक्षी-वनस्पतींची नोंद पालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे ठेवली जावी. ही समिती याच कायद्याच्या कलम ४१ खाली स्थापन व्हायची असते; अनेक ठिकाणी ती कागदावरच आहे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दाट झुडपांमुळे संध्याकाळी स्त्रियांना भीती वाटते, साप निघतात, पालकांना मुलांची काळजी वाटते. गवतातला वावर किती आणि पायवाट कोठे हे ठरवताना या लोकांचा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञाच्या शब्दाइतकाच वजनदार असला पाहिजे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काही मीटर मोकळे ठेवून, दिवे तेवढ्याच पट्ट्यात लावून आतले रान सोडता येते. दिल्लीकरांना हे पाहायचे असेल तर वजिराबादजवळचे यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी ते मिळून घडविले.

कराराची मुदत किती असावी, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आमच्यापैकी बहुतेकांची एका जागेवरील नेमणूक तीन वर्षांच्या आसपास असते आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला बागेचे रूप पालटावेसे वाटते. धौच्या झाडाला तेवढ्या काळात धड सावलीही धरत नाही. करार किमान पंधरा वर्षांचा असावा आणि तो मोडायचा झाल्यास कारणे लिहून, पालिकेच्या सभेत ठराव करूनच मोडता यावा.