फौजी घरी येतो तेव्हा



सातारा जिल्ह्यात कोरेगाव, खटाव, माण या भागात अलीकडे फौजीच्या सेवापूर्तीची मिरवणूक निघते. उघडी जीप, पुढे हलगी, चौकात फ्लेक्स, दारात रांगोळी. फौजीच्या डोक्याला फेटा आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोलाही फेटा. मला ही मिरवणूक आवडते. वर्षानुवर्षं एकटीनं घर ओढणाऱ्या बाईला गावानं जीपमध्ये मानानं बसवलं, एवढं तरी झालं. पण मला लिहायचं आहे ते जीपमधून उतरल्यानंतरचं.

शिपाई म्हणून भरती झालेला जवान सतरा-अठरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. या काळात त्याला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा, तीही मिळाली तर. सियाचीन, काश्मीर, ईशान्येकडची सीमा अशा ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. मधली काही वर्षं क्वार्टर मिळालं तर संसार, नाहीतर ती गावी, सासू-सासऱ्यांजवळ.

या वर्षांत ती काय काय करते? विहिरीवरची मोटर जळली तर वायरमन शोधते, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करते, भावकीशी बांधावरून भांडते, सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणते, मुलाचा दाखला काढते. कुणी बचतगटाची अध्यक्ष होते, कुणी ग्रामपंचायतीत निवडून जाते. बाई कर्ती होते ती चळवळीमुळे असं आपण कधीकधी समजतो. इथं मात्र सरकारनं नवऱ्याला सीमेवर ठेवलं आणि बाई कर्ती झाली!

आणि मग तो कायमचा घरी येतो. पहिला महिना कौतुकाचा. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. हे कुणाला विचारून केलं? बँकेत तू कशाला गेलीस? गटाच्या बैठकीला रात्री आठपर्यंत काय काम असतं? आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई म्हणाली, “ताई, इतकी वर्षं पाहुणा म्हणून सांभाळलं. आता पाहुणा राहायला आला आणि मीच घरात परकी झाले.” मुलांचंही तसंच. बाप म्हणजे रजेत खाऊ आणणारा माणूस. तो आता पहाटे पाचला उठवतो आणि अंथरुणाची घडी नीट नाही म्हणून ओरडतो.

त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ऐन तारुण्यापासून बिगुलावर उठलेला, हुकुमावर जगलेला हा माणूस. गावात सगळे त्याला ‘मेजर’ म्हणतात (आपल्याकडे निवृत्त शिपाईसुद्धा मेजरच असतो), पण काम मागायला गेला की हातात एटीएमच्या दाराशी बारा तासांची ड्युटी पडते. राज्याच्या वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्या जागांची वाट पाहण्यातच वर्षं जातात. काहीजण चकमकी पाहून आलेले, सोबत्याचं शव उचलून आलेले असतात. रात्री दचकून उठतात, दिवाळीत फटाके वाजले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. गावात यावर एक शब्द नाही. शूर माणसाचं डोकं दुखतं हे सांगायचं कसं, म्हणून बायकोही झाकून ठेवते. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, त्यात पत्नीचाही समावेश आहे. ते कार्ड रक्तदाबाच्या गोळ्यांना वापरलं जातं, या दुखण्याला क्वचितच.

त्यापेक्षा कँटीनचं कार्ड जास्त चालतं. २००८ च्या शासन आदेशानुसार मतदान घेऊन आपल्या बायकांनी गावोगाव बाटली आडवी केली. पण फौजीचा महिन्याचा कोटा पिशवीतून थेट घरात येतो. त्याला कोणतं मतदान लावणार?

मार खाल्लेली बाई पोलीस चौकीत गेली, तर “अहो, ते देशासाठी लढलेत, थोडं सांभाळून घ्या” असं ऐकावं लागतं. आपल्या बैठकांतही हा विषय निघाला की आवाज खाली येतात, कारण गणवेशावर बोलणं म्हणजे देशावर बोलणं असं वातावरण आहे. माझं मत स्पष्ट आहे. सीमेवर त्यानं जे भोगलं त्यासाठी त्याला उपचार मिळाले पाहिजेत, आणि त्याचा हात तिच्यावर उठला तर तिची तक्रार नोंदवली गेली पाहिजे. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

इथं एक कायदेशीर फट आहे, कार्यकर्त्यांनी ती नीट लक्षात घ्यावी. नवरा नोकरीत असेपर्यंत पत्नीला त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करता येतो. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीसाठी कपात करण्याची तरतूद आहे. तो निवृत्त झाला की हे दार बंद होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा लाभार्थी माजी सैनिक असतो किंवा त्याची विधवा. हयात फौजीची गांजलेली बायको या दोन्हींत बसत नाही. तिला उरतं कोर्ट. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला घरात राहण्याचा हक्क दिला आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. पेन्शनला हात लावता येत नाही असं तिला सर्रास सांगितलं जातं. १८७१ च्या पेन्शन कायद्यानं जप्तीपासून संरक्षण दिलं आहे हे खरं, पण पोटगीच्या आड ते येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलेलं आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा, उपयोगी पडेल.

सरकार फौजीच्या बायकोकडे कसं बघतं याचा एक नमुना. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेनं पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद होई. दिराशीच लग्न केलं तर मात्र चालू राही! ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात गेली.

आता अग्निवीर. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्यांची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. पंचविशीच्या आतबाहेरचे हे मुलगे गावात येतील तेव्हा स्थळं बघितली जातील, आणि ‘मिलिट्रीवाला’ म्हणून हुंडा नोकरीतल्या जावयाचाच मागितला जाईल. मुलींच्या आईवडिलांशी आत्ताच बोलायला हवं.

निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या रकमेतून बहुतेकदा घर बांधलं जातं किंवा जमीन घेतली जाते, आणि नाव लागतं एकट्याचं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, त्यातून १९९२ च्या सप्टेंबरात शासनाचं परिपत्रक निघालं. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. मिरवणुकीच्या आठवड्यात घर आनंदात असतं, फौजीही मोकळ्या मनाचा असतो. त्याच आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज जाईल असं गटातल्या बायकांनी पाहावं. नंतर अवघड होतं, हा आमच्या केंद्राचा अनुभव आहे.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. सत्कार होतात, भाषणं होतात, बायका मागच्या खुर्च्यांवर बसतात. त्याच दिवसांत आपले तिळगुळाचे कार्यक्रम असतात. यंदा सैनिक कल्याण कार्यालयाला आधीच पत्र देऊन मेळाव्यात आपल्यासाठी एक टेबल मागून घ्या. टेबलावर सातबाऱ्याच्या अर्जाचे नमुने, संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर आणि ईसीएचएसच्या दवाखान्याचा पत्ता ठेवा. टेबल मिळालं नाही तर तसं आम्हाला कळवा. नकाराची पत्रंही पुढच्या अंकात छापू.