गौरव लेखकाचा, उपेक्षा ग्रंथाची

साहित्य अकादमीचा १९९५ चा मराठीसाठीचा पुरस्कार नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीस मिळाला, तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. प्रशासनाच्या आधी साहित्याने या गावाची दखल घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे २०२१ मध्ये कांबळे यांना पद्मश्रीही लाभली. वाशीमकरांनी याचा अभिमान बाळगावा हे योग्यच. परंतु पुरस्काराने काय साधते आणि काय साधत नाही, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

ग्रंथ ही अशी वस्तू आहे की तिचा गुण वाचल्याखेरीज कळत नाही, आणि वाचण्यासाठी ती आधी विकत घ्यावी लागते. पुण्या-मुंबईच्या लेखकाला समीक्षक, प्रकाशक आणि व्यासपीठ हाताशी असते. मालेगाव तालुक्यातील शिरपूरला जन्मलेल्या, वाशीमला शिक्षकी करीत लिहिणाऱ्या लेखकाची ग्वाही कोण देणार? ती पुरस्काराने दिली. हे त्याचे मोठे कार्य होय. रकमेचे मोल त्यामानाने थोडे. अकादमीने १९५५ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना मराठीतील पहिला पुरस्कार दिला, तेव्हा रक्कम होती ५,००० रुपये, आणि तेवढ्यात पन्नास तोळ्यांहून अधिक सोने येत असे. आजच्या १,००,००० रुपयांत एक तोळाही पुरता येत नाही.

तथापि पुरस्कार हे फळ आहे, खत नव्हे. लेखनाची वर्षे, कागदाचा खर्च, अपयशाची जोखीम हे सारे लेखकाने आधीच सोसलेले असते. त्यातही जिल्ह्याजिल्ह्यांत जे लहानमोठे पुरस्कार निघाले आहेत, त्यांपैकी कित्येकांसाठी लेखकालाच प्रवेशशुल्क आणि पुस्तकाच्या प्रती पाठवाव्या लागतात. मग मंडप, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचे मानधन यांवर खर्च होतो. सन्मानित ग्रंथाची एखादी प्रत त्या सभागृहात विक्रीला असली तर ते नवलच! पत्रकारांची गोष्ट याहून अवघड. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले, त्याच्या स्मरणार्थ ६ जानेवारीला ठिकठिकाणी सत्कार होतात. ज्या तालुका वार्ताहराची उपजीविका जाहिरातींच्या दलालीवर चालते, त्याला पुरस्कार देणारे हात पुष्कळदा ज्यांच्याविषयी त्याने लिहावयाचे त्यांचेच असतात. अशा सन्मानाची किंमत वाचक चुकवितो.

वस्तुतः या भूमीला साहित्याचे वावडे नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. तेथील राजा सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त लावला तो याच नगरीत. त्याच भूमीतील जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. यादीतील निकष शिक्षणाचे आहेत, आरोग्याचे आहेत. शाळेबाहेर पडलेल्या मुलाला वाचावयास काय मिळते, हा प्रश्न मात्र तिच्यात नाही.

तेव्हा पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी, आणि जिल्हा नियोजनाचा निधी हाती असणाऱ्यांनी, एक साधा बदल करून पाहावा. जेवढी रक्कम लेखकाला, तेवढीच त्या ग्रंथाच्या खरेदीस. अडीचशे रुपयांचे पुस्तक धरले तर एका लाखात ४०० प्रती येतात, घाऊक सवलत मिळाल्यास अधिक. रिसोड, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर या तालुक्यांतील खेड्यांच्या अनुदानित ग्रंथालयांत आणि माध्यमिक शाळांत त्या पोचाव्यात. अनुदानाचा बराच भाग ग्रंथपालाच्या तुटपुंज्या वेतनात जात असल्याने ही ग्रंथालये स्वबळावर नवे ग्रंथ फारसे घेऊ शकत नाहीत. यात एक धोका आहे: खरेदीची हमी दिसली की पुरस्कारासाठी प्रकाशकांची रांग लागेल. म्हणून परीक्षक जिल्ह्याबाहेरचे असावेत, त्यांची नावे आधी जाहीर व्हावीत, आणि निवडीची कारणे देणारे त्यांचे टिपण निकालाबरोबरच छापले जावे.