डबल बेड ठीक, पण डबल गादी कशाला?

नवराबायकोने एकाच गादीवर झोपलं पाहिजे हा नियम नक्की कुणी काढला? मला तरी हे काम गादीवाल्यांचंच वाटतं.

आमच्या घरातलं गणित बघा. अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल संपवून मी रात्री दीडला आडवा होतो आणि बायको पाचला उठते. म्हणजे एका रात्रीत दोन भूकंप. आयटीवाल्या काही घरांत थोड्याफार फरकाने हेच. मग सकाळी चहाच्या आधीच "किती हलतोस रे झोपेत!" सुरू. अहो, झोपेत माणूस कूस बदलणारच! दोष गादीचा असतो आणि बोलणी नवरा खातो.

शोरूममध्ये सेल्समन गादीवर ग्लास ठेवतो, शेजारी धपकन बसतो... ग्लास पडत नाही. टाळ्या! यात चमत्कार काही नाही. जुन्या बॉनेल पद्धतीच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंतवलेल्या असतात, त्यामुळे एक दबली की शेजारणीही हलतात. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येकीला वेगळी कापडी पिशवी. (आमच्या भाषेत लूज कपलिंग.) मेमरी फोम तर धक्का गिळूनच टाकतो. १९६६ साली नासासाठी विमानाच्या सीटकरता तो शोधला गेला, हे सेल्समन छाती फुगवून सांगेल. तो उबेने मऊ होतो आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो, हे मात्र सांगणार नाही. ते मे महिन्यात ठाण्यात कळतं.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे. ऐंशी किलोचा नवरा आणि पन्नास किलोची बायको, दोघांना एकच कडकपणा कसा चालेल? त्याच्या पाठीला मानवेल अशी घेतली तर तिचे खांदे दुखणार. तिला मऊ घेतली तर त्याच्या बाजूला खड्डा, आणि ती घरंगळत त्या खड्ड्यात! ग्लास ठेवून हे कळत नाही.

उपाय सरळ आहे. ७२ बाय ७८ इंचाच्या पलंगावर ३६ बाय ७८ च्या दोन गाद्या बरोब्बर बसतात. ज्याला जी हवी ती. जर्मनीत कितीतरी जोडपी असंच झोपतात. स्कँडिनेव्हियात पांघरुणंही दोन. आणि परदेश तरी कशाला? आजोळी रात्री जमिनीवर ओळीने कापसाच्या सुट्या गाद्याच पडायच्या ना? शेजारचा कधी कुशीवर वळला, पत्ता नसे.

पण हल्ली दोन गाद्या दिसल्या की लोकांना भांडणाचा वास येतो. मुक्कामाला आलेल्या एका मावशीने बेडरूममध्ये डोकावून मला हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे?"

ठीक आहे मावशी, बायको अलार्म वाजेपर्यंत झोपतेय.

राहता राहिली मधली फट. दोन्ही गाद्यांची जाडी एकच घ्या आणि वरून एकच मोठी चादर घट्ट खोचा, जाणवत नाही. पलंगच कुरकुरत असेल तर मात्र गादीवर पैसे घालवण्याआधी सुताराला बोलवा.