वेळापत्रक आणि शेवटची एस. टी.

महाविद्यालयांची दारे उघडली की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची झुंबड सूचनाफलकापुढे उडते. फलकावर बहुधा एकच चिठ्ठी असते : वेळापत्रक लवकरच लावण्यात येईल. शहरातील विद्यार्थी ती वाचून घरी जातो आणि जेवून पुन्हा येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोल्हारसारख्या प्रवराकाठच्या गावाहून सकाळच्या एस. टी. ने जिल्ह्याचे ठिकाण गाठणाऱ्या मुलीचा मात्र तेवढ्यात सारा दिवस जातो. नगर-मनमाड रस्त्याची महती ज्यांस ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुणे-नगर मार्गावर. पुढे आठ महिन्यांतच, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ स्थापन झाले व नगर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. गाडी आणि विद्यापीठ ही दोन्ही या जिल्ह्यास जवळजवळ एकदमच लाभली. परंतु पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी दोघांच्या वेळापत्रकांची परस्परांशी ओळख झालेली नाही.

वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकांस दोष देणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले. मुख्य विषय, त्याच्या जोडीला दुसऱ्या विद्याशाखेतील खुला विषय, भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञानपरंपरा अशी ताटभर वाढणी आली. सत्राचे साधारण २२ श्रेयांक; व्याख्यानाच्या एका श्रेयांकास १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एकास ३०. कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे विद्यार्थी एका वर्गात आणावयाचे, तर तिघांचेही तास जुळावे लागतात. त्यात शिकविणारे कित्येक जण तासिका तत्त्वावरचे. पोटासाठी दोन-दोन ठिकाणी धावणारा हा अध्यापक आपल्याकडे कोणत्या वारी येणार, हेच ठरलेले नसेल, तर फलकावर लावणार काय? रिक्त पदे न भरण्याची किंमत सरकार मोजत नाही. ती कोल्हारच्या मुलीला बसस्थानकावर मोजावी लागते.

ती किंमत आमच्या मते क्षुल्लक नाही. सकाळी एक तास, मग तीन तास रिकामे, आणि प्रात्यक्षिक सायंकाळी, अशी रचना गावाहून येणाऱ्या मुलीच्या वाट्यास आली, तर पहिल्या पंधरवड्यातच घरात कुजबुज सुरू होते. शेवटची गाडी एकदा चुकली की ती कुजबुज उरत नाही, निर्णय होतो. मुलीने नापास होऊन कॉलेज सोडले असे कोणी म्हणू शकत नाही, कारण तिची परीक्षाच झालेली नसते. तिने ते का सोडले, हे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. ज्या विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव दिले गेले, त्याने या गोष्टीकडे डोळेझाक करावी हे आम्हास शोभादायक वाटत नाही. ७५ टक्के उपस्थितीचा नियम विद्यार्थ्यांस मात्र पहिल्या दिवसापासून बजावला जातो!

वस्तुतः करावयाचे काम लहान आहे. परिवहन खात्याने विद्यार्थ्यांस मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत दिली आहे; २०२५ च्या जूनमध्ये तर पास शाळा-महाविद्यालयांतच नेऊन देण्याचे त्याने जाहीर केले. पास देण्यासाठी आगाराचा माणूस महाविद्यालयात येणारच असेल, तर प्राचार्यांनी त्याच वेळी आगारप्रमुखांसह बसून गाड्यांच्या वेळा समोर ठेवाव्यात. गावाहून येणाऱ्यांची प्रात्यक्षिके दुपारपूर्वी लावावीत. पक्के वेळापत्रक तयार नसेल तर निदान पहिल्या महिन्याचे कच्चे तरी प्रवेशाच्या पावतीबरोबर हाती द्यावे, आणि मधल्या रिकाम्या तासांत ग्रंथालयाची अभ्यासिका, विशेषतः प्रथम वर्षास, उघडी ठेवावी. प्रवेशशुल्क कोणत्या तारखेस भरावयाचे हे महाविद्यालये बिनचूक कळवतात. पहिला तास कोणत्या खोलीत आहे, तेही त्याच कागदावर छापता येईल.